ओहोटीच्या कातळावर आयनॅचरलिस्ट : किनाऱ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अॅपचे परीक्षण

आयनॅचरलिस्ट हे अॅप पक्षी, फुलपाखरे आणि रानफुले टिपणाऱ्या मंडळींमध्ये आता चांगलेच रुळले आहे. समुद्रकिनाऱ्यावर, विशेषतः भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या कातळावर, ते कितपत उपयोगी पडते याविषयी मात्र मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे परीक्षण. रत्नागिरी परिसरातल्या खडकाळ किनाऱ्यांवर मी ते नियमितपणे वापरतो आणि मुंबईस जाणे झाले की तिथल्या किनाऱ्यावरही वापरतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. नोंद ठेवण्याचे साधन म्हणून या अॅपला मी पाचपैकी चार गुण देईन. किनारा वाचवण्याचे साधन म्हणून विचाराल, तर दोनच. आणि या दुसऱ्या आकड्याचा दोष अॅपच्या कर्त्यांकडे फारसा जात नाही, तो आपण नागरिक नोंदींचे पुढे काय करतो याकडे जातो.

अॅपची पूर्वपीठिका थोडक्यात अशी : २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर शिक्षणाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केले, पुढे ते कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेसकडे आणि नंतर तिच्याबरोबर नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीकडेही होते, आणि २०२३ पासून ते स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि जाहिरातींचा त्रास नाही. जीव दिसला की छायाचित्र काढायचे. तारीख, वेळ आणि ठिकाण फोन आपोआप जोडतो. अॅप ओळख सुचवते. आणि नोंद जगभरच्या वापरकर्त्यांसमोर जाते. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे प्रजातीबाबत एकमत झाले, म्हणजे निदान दोघांचे तरी, की त्या नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ हा दर्जा मिळतो. असा दर्जा मिळालेली आणि योग्य परवान्याखाली दिलेली नोंद जीबीआयएफ या जगातल्या जैवविविधतेच्या सामायिक माहितीसाठ्यात जाते, जिथून संशोधक ती उचलू शकतात. कातळावर मोबाइलला रेंज नसली तरी काम अडत नाही; नोंदी फोनमध्ये साठतात आणि घरी आल्यावर चढवता येतात. कोकणातल्या अनेक किनाऱ्यांचा विचार करता ही सोय लहान नाही.

अॅप जे शिकवत नाही ते म्हणजे कधी जायचे. किनाऱ्यावरच्या नोंदींचे निम्मे यश ओहोटीच्या वेळेत असते, आणि त्यासाठी पंचांग पुरते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळमानाने हाती येते, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे : पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि त्यातही त्यानंतरच्या एकदोन दिवसांत, पाणी सर्वांत खोल ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, तेव्हा कातळाचा खालचा आणि सर्वांत समृद्ध पट्टा उघडाच पडत नाही. मुंबईस उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यामुळे ओहोटीत उघडा पडणारा पट्टाही रुंद असतो. दक्षिणेकडे रत्नागिरीपर्यंत येताना हा फरक कमी होत जातो. अॅप वापरून निराश झालेली जी मंडळी मला भेटली, त्यांतली बरीच भांगाच्या दिवशी, दुपारच्या भर उन्हात, वाळूवर फिरून आलेली होती. त्यांच्या नोंदींत रिकामे शिंपले आणि समुद्रकिनारी फिरणारी कुत्री यांखेरीज काही नव्हते, यात अॅपचा काय दोष?

छायाचित्राचे तंत्र मात्र अॅपच्या यशाशी थेट जोडलेले आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. कातळातल्या उथळ डबक्यात झोअँथिड नावाच्या जीवांची वसाहत पुष्कळदा दिसते. हे प्रवाळांचे आणि सी अॅनिमोनचे भाऊबंद. पाण्याखाली असताना हिरवट-तपकिरी चकत्या एकमेकींना चिकटून पसरलेल्या आणि प्रत्येकीच्या कडेला बारीक शुंडिकांची झालर उघडलेली असते. पाणी उतरले की त्याच चकत्या मिटून शर्टाच्या चिकट बटणांसारख्या दिसतात. मिटलेल्या अवस्थेतले छायाचित्र अॅपला दिले तर ते स्पंजापासून समुद्री शैवालापर्यंत काहीही सुचवते. उघडलेल्या अवस्थेतले दिले तर योग्य गटापर्यंत बहुतेक वेळा पोहोचते. म्हणून एकाच नोंदीत तीन छायाचित्रे द्यावीत : एक वसाहत आणि तिच्याभोवतीचा कातळ दाखवणारे, एक अगदी जवळून, आणि एक शेजारी नाणे किंवा बोट ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पाण्यावर आकाश चमकत असेल तर डोक्यावरची टोपी काढून तिची सावली डबक्यावर धरावी आणि फोन वरून सरळ धरावा. इतक्यानेही चित्र स्वच्छ येते. खेकड्याचे छायाचित्र समोरून आणि वरून असे दोन्ही हवे, कारण कवचाच्या पुढच्या कडेचे दाते आणि नांग्यांचा आकार पाहिल्याशिवाय जाणकार पुढे जात नाहीत. अॅप छायाचित्र आणि आवाज स्वीकारते, चलचित्र स्वीकारत नाही. माकुल रंग बदलताना दिसले तर त्या चलचित्रातून एखादी स्थिर चौकट काढून द्यावी लागते. शिवाय एका नोंदीत एकच प्रजाती असा नियम आहे. कालवे, कातळाला घट्ट चिकटून राहणारे कवचधारी बार्नेकल आणि गोगलगायी एकत्र दिसणारे एकच चित्र चढवून ‘हे काय आहे?’ असे विचारणारे पुष्कळ असतात, आणि अशा नोंदी वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात.

दगड उलटवण्याबद्दल अॅपमध्ये कुठेही अडवणूक नाही, आणि ती असायला हवी होती असे मला वाटते. दगडाच्या खालच्या बाजूस चिकटलेले स्पंज, अंडी आणि ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचे नाजूक नातलग, उन्हात काही मिनिटे राहिले तरी त्यांचे हाल होतात. ज्याला दगड उचलायचाच आहे त्याने तो हळूच उचलून, होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा. उलटा तर मुळीच टाकू नये. प्रवाळ आणि समुद्री पंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणजे त्यांचा तुकडा आठवण म्हणून घरी नेणे हा गुन्हा आहे. एखाद्या डबक्याची कीर्ती पसरली की तिथे दर उधाणाला वीसेक जण बूट घालून उभे राहतात, आणि नोंदींची संख्या वाढत असताना त्या डबक्यातले जीव पायाखाली जातात. अॅपच्या लोकप्रियतेची ही किंमत परीक्षणात सांगितली पाहिजे.

आता ओळखीच्या सूचनांविषयी. अॅपची यंत्रणा आधीच्या नोंदींच्या छायाचित्रांवरून शिकते, आणि एखाद्या प्रजातीची पुरेशी छायाचित्रे साठल्याशिवाय ती प्रजाती यंत्रणेच्या यादीतच येत नाही. नोंदींचा मोठा वाटा उत्तर अमेरिका आणि युरोपातून येत असल्याने आपल्याकडच्या बगळ्याबाबत किंवा नेहमीच्या खेकड्याबाबत सूचना विश्वासार्ह असते, पण कातळावरच्या स्पंजाबाबत किंवा नळीत राहणाऱ्या कृमीबाबत ती अनेकदा भलत्याच समुद्रातल्या नातलगाकडे बोट दाखवते. जवळपासच्या परिसरात अपेक्षित असलेल्या प्रजाती अॅप वेगळ्या खुणेने दाखवते, ती खूण पाहण्याची सवय लावावी. अॅपने पहिले सुचवलेले नाव डोळे मिटून स्वीकारण्यापेक्षा कुळ किंवा गण एवढीच ओळख देऊन थांबणे अधिक प्रामाणिक. जाणकारांनी पुढे नेलेली ओळख टिकते. घाईने दिलेली आणि त्याहून घाईने दुसऱ्याने ‘मान्य’ केलेली चुकीची ओळख मात्र रिसर्च ग्रेडची खूण लावून जगभर फिरते.

सी स्लगच्या, म्हणजे बिनकवचाच्या समुद्री गोगलगायींच्या, नोंदींना उत्तर लवकर मिळते, कारण त्यांचे रंग आणि ठिपके छायाचित्रात स्पष्ट येतात आणि त्यांचे हौशी अभ्यासक जगभर आहेत. स्पंजाच्या नोंदी तशाच राहतात, कारण पुष्कळशा स्पंजांची ओळख त्यांच्या आतल्या सूक्ष्म काट्यांवरून, सूक्ष्मदर्शकाखालीच पटते. कितीही सुंदर छायाचित्र दिले तरी त्यातून हे काटे दिसणार नाहीत. ही मर्यादा छायाचित्रावर आधारलेल्या कोणत्याही पद्धतीची आहे आणि नव्या वापरकर्त्याने ती आधी समजून घेतली तर त्याचा हिरमोड होणार नाही.

ठिकाणाच्या गोपनीयतेची व्यवस्था चांगली आहे, पण किनाऱ्यावर तिचे परिणाम थोडे चमत्कारिक होतात. संकटग्रस्त मानलेल्या प्रजातींचे नेमके ठिकाण अॅप बहुधा आपोआप झाकते आणि त्याऐवजी अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकटीतला कुठलातरी बिंदू दाखवते. ही चौकट साधारण २२ किलोमीटरची. समुद्रातल्या जीवाची नोंद त्यामुळे नकाशावर खाडीपलीकडच्या डोंगरात उमटलेली दिसू शकते. अंडी चोरणाऱ्यांपासून वा जीव पकडून विकणाऱ्यांपासून ठिकाण लपवायलाच हवे, याबद्दल वाद नाही. परंतु नकाशा उघडून ‘या गावच्या किनाऱ्यावर काय काय आहे’ असे ग्रामपंचायतीला दाखवू पाहणाऱ्या माणसाची यामुळे पंचाईत होते, हेही खरे. आपल्या स्वतःच्या नोंदींचे खरे ठिकाण आपल्याला दिसत राहते, एवढा दिलासा आहे.

दुसरी अडचण अॅपची नसून आपल्या सवयीची आहे. कोकणात किनाऱ्यावर काही वेगळे दिसले की त्याचे छायाचित्र सर्वप्रथम व्हॉट्सअॅपवर जाते. वाळूवर आलेला मेलेला डॉल्फिन, जाळ्यात अडकलेले कासव, पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येणाऱ्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या निळ्या ब्लू बॉटल, हे सगळे गावाच्या ग्रुपवर फिरते आणि दोन दिवसांत विरून जाते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्राबरोबर मूळ तारीख आणि ठिकाण येत नाही. म्हणून ते चित्र मिळाले तरी त्याची नोंद करता येत नाही, आणि ते दुसऱ्याने काढलेले असल्याने आपल्या नावावर चढवणे योग्यही नाही. ज्याने पाहिले त्यानेच मूळ चित्र चढवावे, एवढे गावातल्या चार तरुणांना पटवून देता आले तरी पुष्कळ काम होते. ब्लू बॉटलचेच पाहा. त्यांचा दंश वेदनादायक असतो, त्या पावसाळ्यात येतात हे सर्वांना ठाऊक असते, पण कोणत्या किनाऱ्यावर कोणत्या तारखेला आल्या याची तारीखवार नोंद हाताशी असेल तर पोहायला येणाऱ्यांना वेळेवर सावध करता येते.

नोंदींनी प्रत्यक्षात काय साधले, याचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. त्यातली मंडळी हाजी अली, गिरगाव, जुहू, वांद्रे अशा किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन जातात आणि दिसलेले जीव याच अॅपवर नोंदवतात. ज्या किनाऱ्याला मुंबईकर मेलेला, काळा, प्लॅस्टिकने भरलेला मानत होता तिथे प्रवाळ, सी अॅनिमोन आणि ऑक्टोपस आहेत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या (कोस्टल रोडच्या) वादात किनाऱ्यावरच्या प्रवाळांचा प्रश्न पुढे आला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाला दिलेली किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली, डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन काम पुढे चालू ठेवण्यास मुभा दिली, आणि २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळ परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आले. रस्ता झाला. नोंदींनी तो थांबला नाही. पण तिथे काही नाहीच असे म्हणण्याची सोय कुणाला उरली नाही, आणि माझ्या मते नागरिकांच्या हाती असलेल्या अशा साधनाकडून एवढीच अपेक्षा आज धरता येते.

अॅपची खरी उणीव मला दुसरीकडे दिसते. ते जे आहे ते टिपते. जे नाही ते टिपण्याची त्यात सोय नाही. पक्ष्यांसाठीच्या ईबर्ड या अॅपमध्ये ‘इतका वेळ फिरलो आणि ओळखता आलेले सर्व पक्षी लिहिले’ असे सांगता येते, त्यामुळे न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. आयनॅचरलिस्टमध्ये कातळावर तासभर शोधूनही एखादा जीव सापडला नाही, तर त्या तासाची खूण कुठेच राहत नाही. किनाऱ्याच्या बाबतीत ही उणीव बोचते, कारण तिथले जीव अचानक नाहीसे होत नाहीत, हळूहळू विरळ होत जातात.

एकदा ओहोटीला कालवे काढायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी माझे फोटो काढणे बराच वेळ पाहिले. हातातल्या लोखंडी पात्याने त्या कातळावरून कालव सोडवत होत्या. मग म्हणाल्या, “दादा, ह्या कातळावर आधी पाय ठेवायला जागा नसायची, इतकी कालवं. आता शोधायला लागतात. हे कुठं लिहिणार तुमच्या त्या मोबाइलात?” मी त्यांना म्हटले, “मावशी, खाली टिपण लिहायला जागा असते, तिथे लिहितो.” लिहिलेही. पण टिपणाच्या जागेत लिहिलेले असे वाक्य जीबीआयएफमधल्या आकड्यांच्या हिशेबात धरले जात नाही, आणि त्या बाईंच्या नावावर तर मुळीच नाही. ज्यांचे पोट किनाऱ्यावर आहे त्यांच्याकडची माहिती छायाचित्राच्या रूपात नसते. उपाय म्हणून मी एक पद्धत धरली आहे : कातळावरची तीच जागा, तेच डबके, दर उधाणाला, त्याच कोनातून. दिसणाऱ्या प्रत्येक जीवाची नोंद, जुना असला तरीही. नवीन प्रजातींची यादी त्याने वाढत नाही, पण पुढे कधी कुणी तुलना करायला बसला तर सलग माळ मिळेल.

मच्छीमारांना या अॅपमध्ये फारसा रस नाही, आणि त्यांना तो असावा असा आग्रह धरणेही मला पटत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात दुसरी व्यवस्था आहे, आणि या परीक्षणात तिची तुलना आवश्यक वाटते. डिसेंबर २०१८ पासून राज्याची अशी योजना आहे की कासव, देवमुशी यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडला, तर फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे पुरावा म्हणून द्यावी लागतात. म्हणजे तांडेलाच्या, होडीच्या प्रमुखाच्या, फोनमधले ते चित्रही एक नोंदच; फरक एवढाच की ते चित्र काढले जाईपर्यंत जीव पाण्यात परत गेलेला असतो. हौशी माणूस कातळावर शंभर छायाचित्रे काढतो त्यापेक्षा खोल समुद्रातले असे एक चित्र समुद्राच्या अधिक कामाचे, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. या दोन्ही प्रकारच्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत, ही खंत आहे. मृत डॉल्फिन वा देवमासा किनाऱ्यावर आल्यास मात्र अॅपवर थांबू नये. आधी वन विभागाला किंवा कांदळवन कक्षाला कळवावे, आणि सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदींसाठी भारतातल्या संशोधकांनी चालवलेला जो वेगळा माहितीसाठा आहे त्यावरही नोंद द्यावी, कारण तिथे ती नेमक्या जाणकारांच्या नजरेस पडते.

हे अॅप कुणी घ्यावे? शाळेच्या सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांनी जरूर घ्यावे, पण लहान मुलांच्या हाती याच संस्थेचे ‘सीक’ हे दुसरे अॅप द्यावे. त्यात खाते उघडावे लागत नाही आणि मुलांचे ठिकाण कुठे जाहीर होत नाही. न्याहारी-निवास चालवणाऱ्यांनी घ्यावे, कारण आपल्या अंगणापुढच्या किनाऱ्यावर काय आहे हे पाहुण्यांना दाखवता येणे ही त्यांच्या धंद्याची बाब आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या बांधकामाला हरकत घेण्याचा विचार असलेल्या गावकऱ्यांनी तर हरकतीची मुदत लागण्याची वाट न पाहता आजच सुरुवात करावी. हरकती मागवणारी जाहिरात निघाल्यावर घाईने जमवलेल्या पंधरा दिवसांच्या नोंदी समोरचा वकील सहज उडवून लावतो, पाच वर्षांच्या लावू शकत नाही. फोन फार महागडा लागत नाही, पाणी आत न जाणारी एक पारदर्शक पिशवी मात्र लागते, आणि चपला नकोत, तळव्याला पकड असलेले जुने बूट हवेत. उधाणाची ओहोटी संपून पाणी वळले की कातळावरून निघायला उशीर करू नये; परतीच्या वाटेवरच्या घळी पाठीमागून आधी भरतात.